अण्णांचा चार कप्प्यांचा डबा

चाक सरळ फिरतंय की नाही हे डोळ्यांनी बघायचं नसतं. सायकल सीट-हँडलवर उलटी उभी करायची, चाकाला एक झटका द्यायचा आणि रिमच्या अगदी जवळ खडूचा तुकडा धरायचा. चाक जिथं वाकडं असेल तिथं खडू घासतो, खर्र आवाज येतो आणि पांढरी खूण उठते. मग त्या खुणेजवळच्या एका बाजूच्या तारा सैल करायच्या आणि दुसऱ्या बाजूच्या आवळायच्या. याला आमच्या धंद्यात आऊट काढणं म्हणतात. अब्बांनी मला हे शिकवलं तेव्हा सांगितलं होतं, की खडू हातात धरला की गिऱ्हाईक कोण आहे ते विसरायचं. चाळीसेक वर्षं मुरुमच्या बाजारपेठेत बसून मी हेच केलं. मोठ्या माणसाचं चाक वाकडं निघालं तर तोंडावर वाकडं म्हटलं. एकदाच, गेल्या हिवाळ्यात, मी खडू धरला आणि खोटं बोललो. त्याची ही हकिकत.

सायकलच्या दुकानात सगळी कटकट पंक्चरची असते असं बाहेरच्या लोकांना वाटतं. पंक्चर हे सगळ्यात सोपं काम. ट्यूब पाण्याच्या घमेल्यात दाबली की बुडबुडे स्वतःच जागा दाखवतात. अवघड असतात ती माणसं. एक दूधवाला सायकल डावीकडं ओढते म्हणून तीन वेळा आला. मी हँडल बघितलं, फोर्क बघितला, बेअरिंगचे सगळे छर्रे बदलले. चौथ्या वेळी त्याच्या मागं मागं चालत गेलो तेव्हा उलगडा झाला. गड्यानं आयुष्यभर दुधाची किटली डाव्या हाताला लटकावली होती. आता किटली मुलगा मोटारसायकलवर न्यायचा, पण याचा खांदा तसाच खाली राहिला होता. सायकल सरळ होती. माणसाचा आऊट काढायची सोय माझ्याकडं नव्हती, म्हणून मी त्याला उजव्या हँडलला एक वीट बांधून दिली. अजून समाधानानं फिरतोय.

दुसरा नमुना म्हणजे विठ्ठल. हा पोस्टमन होता. पंधरा गावांचं टपाल त्यानं सायकलवर वाटलं आणि निवृत्त झाल्यावरही सकाळी कुठंतरी जाऊन आल्याशिवाय त्याला चहा गोड लागत नाही. त्याच्या मुलानं पुण्याहून एकवीस गिअरची सायकल पाठवली. विठ्ठल ती हातानं ढकलत माझ्याकडं घेऊन आला आणि म्हणाला, ‘‘इस्माईलभाई, यातले वीस काढून टाका.’’ मी समजावलं की गिअर काढायचे नसतात, वापरायचे नसले तर वापरू नका. पण त्याचं म्हणणं, घरात दारूची बाटली ठेवून मी पीत नाही म्हणण्यात काय अर्थ आहे? शेवटी मी वीस काढले. अशी ही माणसं, आणि यांचंच आमचं दोनचाकी मंडळ.

मंडळात आम्ही आठ जण. रोज सकाळी हायवेच्या मोडापर्यंत, म्हणजे फाट्यापर्यंत जायचं, चहा प्यायचा आणि परत यायचं. मंडळाचे प्रमुख मलकाप्पा अण्णा. तूर-हरभऱ्याचे व्यापारी, घरात कानडी, दुकानात मराठी, आणि चिडले की दोन्ही एकदम. वय सत्तरीच्या पुढं. काळी, चोवीस इंची, दांडीची सायकल; तिच्याखेरीज दुसऱ्या वाहनावर ते नाइलाजानंच बसायचे. मंडळाचे नियम त्यांनी एका वहीत कानडी वळणाच्या अक्षरात लिहून ठेवले होते.

त्यातले दोन नियम सांगितले पाहिजेत, कारण सगळा घोटाळा त्यांच्यातूनच झाला. पहिला, चढावर कुणी सायकलवरून उतरायचं नाही. जो मागं पडेल त्याला पुढच्यानं मागं येऊन हात द्यायचा. हात द्यायचा म्हणजे एका हातानं आपलं हँडल धरायचं, दुसरा तळवा त्याच्या पाठीवर, मानेच्या जरा खाली ठेवायचा आणि बरोबरीनं पायडल मारत त्याला वर न्यायचं. हे दिसतं तितकं सोपं नाही. जोर कमी-जास्त झाला तर दोघंही रस्त्यावर येतात. अण्णांना हे जमायचं तसं कुणालाच जमलं नाही. पोती उचलून उचलून घट्टे पडलेला तो हात पाठीवर आला की चढ संपल्यातच जमा असे. चढ चढून वर गेलेले अण्णा खाली येऊन एकेकाला नेत असत. मी मात्र त्यातून सुटलेला. हवेचा पंप, पाने, सोल्युशन, सगळी पिशवी माझ्या कॅरिअरवर असते, कुणाचं काही मोडलं तर मी मागं हवा. म्हणून मी सगळ्यांत शेवटी, आणि शेवटच्याला हात द्यायला मागं कुणीच नसतं.

दुसरा नियम डब्यांचा. आमच्या भागात येळवस, म्हणजे वेळ अमावास्या, मोठा सण. त्या दिवशी गावं ओस पडतात, सगळे शेतात जेवायला. प्रत्येकाला आपलं शेत किंवा कुणाचं तरी बोलावणं असतं, म्हणून मंडळाची येळवस पुढच्या रविवारी असते. मुरुमहून हायवेला लागायचं आणि जळकोटला माने सरांच्या शेतात जायचं. तीसेक किलोमीटर होतं. पहिल्या वर्षी दोघांनी अर्ध्या वाटेत डबे खाल्ले आणि पोट भरल्यावर घरी फिरले. तेव्हा अण्णांनी नियम केला, की निघताना सगळे डबे माझ्या दुकानाच्या बाकड्यावर ठेवायचे आणि प्रत्येकानं दुसऱ्याचा डबा उचलायचा. स्वतःचा उचलायचा नाही. एकदा तुमचं जेवण दुसऱ्याच्या कॅरिअरवर बसून पुढं गेलं की तुम्हाला मागं जाता येत नाही. परतताना ज्याचा त्याचा रिकामा डबा ज्याच्या त्याच्याकडं. इतकी वर्षं हे चालू आहे आणि तेव्हापासून एकही माणूस अर्ध्यातून फिरला नाही.

आता माने सर. शाळेत विज्ञान शिकवत होते, निवृत्तीनंतर त्यांनी विजेची सायकल घेतली. पायडल मारलं तर मोटार मदत करते, नाही मारलं तरी चालते. सर पहिल्याच दिवशी चढावर शिट्टी वाजवत सगळ्यांच्या पुढं गेले. ती शिट्टी त्यांना महागात पडली.

मोडावरच्या चहाच्या टपरीवर महिनाभर वाद चालला. विठ्ठल म्हणायचा, बसूनच यायचं तर एसटी काय वाईट? सर म्हणायचे, मग तुम्ही उतारावर पायडल का मारत नाही? तिथं पृथ्वी तुम्हाला ओढते, ती फुकटची मोटारच झाली. विठ्ठलनं यावर दोन दिवस विचार केला. तिसऱ्या दिवसापासून तो उतारावर ब्रेक दाबून पायडल मारू लागला, म्हणजे पृथ्वीचा एक पैशाचा उपकार नको. आठवड्यात त्याचे ब्रेकचे रबर झिजले आणि मला बदलावे लागले. मग वारा पाठीमागून असला तर काय, असा प्रश्न निघाला. कुणी म्हणालं, वारा आपण बोलावलेला नसतो. सर म्हणाले, मोटारही मी बोलावलेली नाही, पार्सलनं आली.

शेवटी अण्णांनी निकाल दिला. मोटार लागली की माणूस सायकलवर बसलेला असतो, सायकल चालवत नसतो. म्हणून मोटारवाला मंडळात नाही. तसं वहीत लिहिलं. सरांना मंडळातून काढलं. आणि मग सगळ्यांच्या लक्षात आलं की येळवशीचं शेत सरांचं, जिच्याखाली पंगत बसते ती चिंच सरांची, आणि बाजरीचे उंडे आणि भज्जी, म्हणजे येळवशीची मिसळीची भाजी, हीही सरांच्या घरची.

यावरही तोड निघाली. सरांना सायकलस्वार म्हणून काढलंय, जेवणारा म्हणून काढलेलं नाही, असा खुलासा वहीत झाला. त्यांचा डबा बाकड्यावर येईल, ते कुणाचा तरी डबा उचलतील. मात्र वाटेत मंडळाबरोबर न चालता विजेचे दोन खांब पुढं राहतील. सरांनी हे सगळं मुकाट मान्य केलं. मला वाटतं, त्यांना त्यात मजा येत असावी.

दिवाळी झाली आणि अण्णा सकाळचे येईनासे झाले. सर्दी आहे असा निरोप यायचा. पंधरा दिवसांनी एका दुपारी ते दुकानात आले, अर्धं शटर स्वतः खाली ओढलं आणि माझ्या पाटावर बसले. खाली बसताना त्यांनी भिंतीला धरलं, ते मी पाहिलं.

‘‘गुडघा गेला, इस्माईल,’’ ते म्हणाले. ‘‘सोलापूरच्या डाक्टरनं सांगितलं, सपाटीला चालवा, चढाला जोर लावला तर पाय हातात यील.’’

मी म्हणालो, त्यात एवढं काय, आम्ही सहा जण आहोत, चढावर हात देऊ. त्यावर ते एकदम वर बघून म्हणाले, ‘‘तीस वर्षं म्या तुमच्या पाठीवर हात ठिवला. आता तुमी माझ्या पाठीवर ठिवणार? त्यापरीस म्या घरी बसतो.’’ आणि जरा थांबून, आवाज खाली आणून म्हणाले, ‘‘माझ्या सायकलला ते बसव. सरच्या सायकलला हाय ते. पर कुणाला दिसता कामा न्हाय.’’

मला हसू यायला हवं होतं, ते आलं नाही. अब्बा गेले तेव्हा मी दुकान बंद करून बसलो होतो. चौथ्या दिवशी अण्णांनी शटर वाजवलं आणि आपली धडधाकट सायकल ओव्हरहॉलिंगला म्हणून आत ढकलली. तिच्यात करण्यासारखं काहीच नव्हतं. मी दिवसभर तिचा प्रत्येक छर्रा पुसत बसलो आणि संध्याकाळी मला भूक लागली. अशा माणसाला मी नाही म्हणू शकलो नाही.

मोटार लपवणं हे काम मी जन्मात केलेलं नव्हतं. ही मोटार चाकाच्या मधोमध, हबमध्येच असते. ताटलीएवढा गोल डबा, त्याच्याभोवती तारा विणायच्या. मी ती पुढच्या चाकात विणली आणि वरून रंगीबेरंगी गोंडा गुंडाळला. पूर्वी हौशी पोरं हबला बांधायची, तसा लाल-पिवळा. अण्णांसारख्या भारदस्त माणसाच्या सायकलला तो बघून मलाच कसंतरी झालं. नातीनं बांधला असं सांगायचं ठरलं. मोटारीचं बटण हॉर्नच्या जागी बसवलं. हॉर्न दाबला की आवाज न येता सायकल पळणार.

ही माझी पहिली चूक. बॅटरी तात्पुरती कॅरिअरला बांधून शाळेमागच्या गाडीवाटेवर अण्णा पहिल्यांदा बसले आणि समोरून म्हैस आडवी आली. तीस वर्षांच्या सवयीनं त्यांनी हॉर्न दाबला. सायकल म्हशीकडं झेपावली. अण्णा आणखी जोरानं हॉर्न दाबू लागले. म्हैस शहाणी, ती बाजूला झाली, आणि अण्णा पलीकडच्या कडब्याच्या गंजीत हँडलपर्यंत शिरले. आतून कानडीत काय काय ऐकू आलं ते मला पुरतं कळलं नाही, पण त्यात माझं नाव दोनदा होतं.

राहिली बॅटरी लपवायची. ती तीन किलोची, जाडजूड. काळ्या सायकलीत लपवायला जागाच नसते, ती सगळी हाडंच. मी दोन दिवस विचार केला आणि मग मला सुचलं. अण्णांच्या घरचा चार कप्प्यांचा स्टीलचा डबा मी त्यांच्याकडून गुपचूप मागून घेतला. खालच्या तीन कप्प्यांचे तळ कापून ते एकमेकांना जोडले, आत डब्याच्या बैठकीवर बॅटरी उभी बसवली, वरच्या कप्प्यात खरी शेंगाची चटणी ठेवायची. डबा कॅरिअरला अडकवला की त्याच्या बुडातून वायर सायकलच्या वायरला जोडली जाते. डबा उचलला की सुटते. मी इतका खूष झालो की स्वतःसाठी दोन चहा मागवले.

इतकी वर्षं ते डबे माझ्याच बाकड्यावर मांडले जात होते. आणि दुनियेतल्या सगळ्या वस्तूंमधून मी बॅटरीसाठी डबा निवडला. हे माझ्याही लक्षात आलं नाही आणि नियम लिहिणाऱ्या अण्णांच्याही नाही.

लक्षात आलं ते रविवारी सकाळी, विठ्ठल सगळ्यांचे डबे ओळीनं बाकड्यावर ठेवू लागला तेव्हा. अण्णांचा डबा त्यानं स्वतःच त्यांच्या कॅरिअरवरून काढला आणि ‘लई भरलाय’ म्हणत ओळीत ठेवला. अण्णांनी माझ्याकडं बघितलं. मी पान्यांकडं बघत राहिलो.

डबे उचलण्याआधी माझं काम होतं. निघण्यापूर्वी मंडळाचा पंच म्हणून मी प्रत्येकाची चाकं खडू धरून तपासतो. अण्णांच्या पुढच्या चाकाला झटका दिला. मोटारीमुळं ते जड फिरत होतं. गोंड्यावरून विठ्ठलनं विचारलंच, अण्णांनी नातीचं सांगितलं. मी खडू धरला. खर्र झालं. घाईत विणलेलं चाक, आऊट राहिलाच होता, आणि त्या आवाजात मला अब्बा आठवले. पण चाक दुरुस्त करायला बसलो असतो तर गोंडा सोडावा लागला असता.

‘‘सरळ हाय,’’ मी म्हणालो.

मग डबे उचलायची वेळ आली. अण्णांचा डबा त्यांच्याकडंच राहू द्या, गळतोय, कपडे खराब होतील, असं मी बोलून बघितलं. विठ्ठलनं वही मागितली. अण्णांनीच लिहिलेला नियम अण्णांनाच लागू नाही का, असं त्याचं म्हणणं. तेवढ्यात माने सर पुढं झाले, आणि शांताक्कांच्या, म्हणजे अण्णांच्या पत्नीच्या, हातची कडक भाकरी आज माझीच असं म्हणत त्यांनी तो डबा उचलला.

असे आम्ही निघालो. दोन खांब पुढं माने सर, मोटारीसाठी मंडळातून काढलेले, आणि त्यांच्या कॅरिअरवर मंडळाच्या प्रमुखांची मोटारीची बॅटरी. मागं मंडळ. मंडळाच्या मागं अण्णा, आणि त्यांच्या मागं मी. अण्णांना तीस वर्षांत मी पहिल्यांदाच पाठमोरं एवढं जवळून बघत होतो. बॅटरी नसली की असली मोटार नुसती जड नसते, ती चाकाला धरून ठेवते. म्हणजे दुखऱ्या गुडघ्याचा माणूस ब्रेक लावलेली सायकल ओढत होता, आणि त्याची ताकद दोनशे पावलं पुढं शेंगाच्या चटणीखाली बसून चालली होती. मी दोनदा म्हणालो, अण्णा, सांगून टाकू. ते मान हलवत राहिले.

जळकोटच्या अलीकडं चढ आहे, फार मोठा नाही, पण लांब. चढाच्या पायथ्याशी अण्णांनी सवयीनं हॉर्न दाबला. काहीच झालं नाही. पुन्हा दाबला. वर गेलेल्या विठ्ठलनं वळून बघितलं, त्याला वाटलं अण्णा काहीतरी खूण करतायत. तो सायकल वळवून खाली आला आणि नियमाप्रमाणं त्यानं अण्णांच्या पाठीकडं हात नेला.

‘‘हात लावू नको,’’ अण्णा म्हणाले. मोठ्यानं नाही, पण विठ्ठलचा हात तसाच हवेत राहिला.

आणि मग अण्णा सायकलवरून उतरले. मंडळाच्या इतिहासात चढावर कुणी उतरलं नव्हतं. सगळे थांबले. काय करावं ते कुणालाच कळेना, कारण उतरलेल्या माणसाचं काय करायचं ते वहीत नव्हतं. अण्णा एका हातानं सायकल ढकलत, लंगडत चालू लागले. मी खाली उतरलो. विठ्ठल उतरला, मग बाकीचेही. वर दोन खांबांवर माने सरांनी मागं बघितलं. त्यांना चढ म्हणजे काहीच नव्हता, पण तेही उतरले आणि दोन खांबांचं अंतर राखून सायकल ढकलत चालू लागले. बाजूनं जाणारा एक ट्रकवाला वेग कमी करून बघत गेला. सात सायकली, आठवी पुढं, आणि एकाही सायकलवर माणूस नाही.

शेतात चिंचेखाली पोती अंथरली होती. आंबील प्यालो. अण्णा खोडाला टेकून पाय लांब करून बसले होते. सरांनी अण्णांचा डबा उघडला. पहिल्या कप्प्यात चटणी, ती सगळ्यांनी वाटून घेतली. सरांनी दुसरा कप्पा उचलला आणि तिन्ही कप्पे एकदमच हातात आले. आतून काळ्या पट्टीत गुंडाळलेली ती वस्तू उभी राहिली, बुडाशी वायर लोंबत.

विठ्ठल दोन हात मागं सरकला. आयुष्यभर पार्सलं वाटलेली, त्यामुळं संशयी. म्हणाला, कुणी हात लावू नका, ज्याचं असंल त्यानंच सोडावं.

माने सरांनी मात्र एका नजरेत ओळखलं. त्यांनी अण्णांच्या सायकलीकडं बघितलं, गोंड्याकडं बघितलं, मग माझ्याकडं. आणि शांतपणे म्हणाले, की ही माझीच, जादाची बॅटरी, जागा नव्हती म्हणून सकाळी मीच डब्यात सारली. तळ कापून सारली का, असं कुणी विचारलं नाही. ज्या माणसाला अण्णांनी मंडळातून काढलं होतं, तो माणूस त्यांच्यासाठी खोटं बोलत होता. त्या दिवशीचं ते आणखी एक खोटं, आणि माझ्या खोट्यापेक्षा कितीतरी चांगलं.

‘‘साकु,’’ अण्णा म्हणाले. पुरे. ‘‘ती माझी हाय. इस्माईलनं बसवली, म्या सांगितलं म्हणून. गुडघा गेलाय माझा. चढ चढायचं मला काय न्हाय हो. न्हाय चढलो तर न्हाय. पर वर जाऊन खाली यायचं, तुमास्नी हात द्यायचा, ते कसं करू आता? तेवढ्यासाठी बसवली.’’

मग विठ्ठलनं वही मागितली, आणि मला वाटलं आता अण्णांना काढतात. चिंचेची सावली पार बांधापर्यंत सरकली तोवर चर्चा चालली. विठ्ठलचा मुद्दा असा, की अण्णांच्या सायकलला मोटार आहे हे खरं. पण मुरुमपासून इथपर्यंत ती एकदाही चालली नाही. उलट ती मेलेली मोटार त्यांनी तीस किलोमीटर पायानं ओढत आणली. म्हणजे आज इथं आलेल्यांत सगळ्यात अस्सल सायकलस्वार अण्णाच ठरतात. याउलट माने सरांकडं स्वतःची एक आणि डब्यातली एक अशा दोन बॅटऱ्या सापडल्या, म्हणून त्यांचा गुन्हा दुप्पट. सरांनी हात जोडून तो कबूल केला. चढावर उतरण्याचा प्रश्न होता, पण उतरले सगळेच होते, म्हणून तो सोडून दिला. माझं पंचपद मात्र तिथल्या तिथं गेलं. ते जायलाच हवं होतं. मी खडूचा तुकडा खिशातून काढून वहीवर ठेवला, तेव्हा हात जरा हलका झाल्यासारखा वाटला आणि वाईटही वाटलं.

निघताना मी बघत होतो, डब्याचं काय होतं ते. नियम अगदी स्वच्छ होता. परतताना ज्याचा त्याचा डबा ज्याच्या त्याच्याकडं. विठ्ठलनंच तो डबा पुसला, कप्पे एकावर एक बसवले आणि अण्णांच्या कॅरिअरवर नेऊन ठेवला. ‘‘नियमच हाय,’’ तो म्हणाला, आणि मुद्दाम दुसरीकडं बघत उभा राहिला. मी वायर जोडली.

परतीच्या वाटेवर मोटार गुरगुरली आणि लाल-पिवळा गोंडा गरगरू लागला. पहिल्या चढाला अण्णा वर गेले, वळून खाली आले आणि पहिला हात विठ्ठलच्या पाठीवर ठेवला. विठ्ठलनं मोटारीचा हात घ्यावा की नको याचा विचार करायला एक क्षण घेतला, तोवर तो वर पोचला होता. मग एकेक करून सगळे. शेवटी अण्णा दोन खांब पुढं गेले आणि त्यांनी माने सरांच्याही पाठीवर हात ठेवला. सरांना त्याची काही गरज नव्हती. सरांनी आपली मोटार बंद केली आणि हात घेतला.

शेवटचा चढ आला तेव्हा मी नेहमीप्रमाणं सगळ्यांच्या मागं होतो. पिशवीतले पाने खडखडत होते, मांड्या भरून आल्या होत्या. मान खाली घालून पायडल मारत होतो; वर बघितलं तर अण्णा पुढं दिसेनात, मला वाटलं गेले असतील वर. आणि मग मागून आवाज आला. खर्र. खर्र. खर्र. वाकडं चाक फिरताना ब्रेकच्या रबराला घासत होतं. मी वळून बघितलं नाही, ते चाक माझ्याच हातचं होतं. मग मानेच्या जरा खाली, घट्टे पडलेला तो हात येऊन टेकला. तीस वर्षांत माझ्या पाठीवर पहिल्यांदाच. मी पायडल मारायचं थांबवलं तरी सायकल वर जात राहिली. माझे डोळे भरून आले, आणि वारा समोरून होता म्हणून ते कुणाला कळलं नाही.

शांताक्कांना डब्याचं कळलं ते अर्थात त्याच संध्याकाळी. तो त्यांच्या माहेरचा होता. आठ दिवस त्या माझ्याशी बोलल्या नाहीत, आणि त्यांची समजूत घालणं कुठल्याही पान्याचं काम नव्हतं. आता तळ कापलेल्या डब्यावर त्या स्वतःच चटणीचा वरचा कप्पा भरून देतात. माने सर परत मंडळात आहेत. वाद मात्र मिटलेला नाही. मोटारवाल्याचा हात पाठीवर घेऊन जो चढ चढतो, तो सायकलवर आला की मोटारीवर, यावर मोडावरच्या टपरीवर रोज चर्चा होते आणि विठ्ठल अजून वहीत काही लिहू शकलेला नाही. मला विचारतात, पण मी आता पंच नाही.

अण्णांना मी दुसऱ्या दिवशीच म्हणालो होतो, सायकल ठेवून जा, आऊट काढून देतो. ते म्हणाले, ‘‘राहू दे. आवाज आला म्हंजी म्होरच्याला कळतंय, कोण आलंय ते.’’

चाळीस वर्षांच्या धंद्यात माझ्या हातून गेलेलं ते एकच वाकडं चाक. मी ते अजून सरळ केलेलं नाही.